सपाट भूमीवरचं पाणी

दक्षिण बोहेमियात त्र्शेबोन गावाभोवतीची जमीन इतकी सपाट आहे, की पडलेल्या पावसाला वाहून जायला दिशाच सापडत नाही. प्रागपासून दक्षिणेला साधारण १५० किलोमीटर, चेस्के बुद्येयोवित्से या मोठ्या शहरापासून पूर्वेला २५ किलोमीटर, आणि ऑस्ट्रियाची सरहद्दही तेवढीच जवळ. समुद्रसपाटीपासून उंची ४३४ मीटर. कडेने ठेंगण्या टेकड्या आणि मध्ये परातीसारखं उथळ खोरं. वर वाळू, खाली चिकणमातीचे थर. वाळू पाणी पिते, पण माती ते खाली जाऊ देत नाही. लुझनित्से नदी ऑस्ट्रियातून उत्तरेकडे येते, या खोऱ्यात शिरली की रेंगाळते, वळणांवर वळणं घेते, जुनी वळणं टाकून देते. माणूस इथे राहायला येण्याआधी हा सगळा मुलूख म्हणजे दलदल, पीटचे कुजके थर आणि त्यात उभी असलेली पाइनची जंगलं होता.

आज त्याच खोऱ्यात सुमारे ५०० तळी आहेत. हिरव्या काठांची, वेतगवताची, बगळ्यांची. पहिल्यांदा येणारा प्रवासी त्यांना सरोवरं समजतो, आणि त्यात नवल नाही. पण ही तळी माणसाने बांधलेली आहेत. बहुतेक १६ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत बांधून झालेली होती. त्यांना जोडणारे कालवेही मानवी हातांचे, नदीचा एक फाटाही मानवी हातांचा. त्र्शेबोनला मी महत्त्व देतो ते यासाठी. युरोपात सुंदर चौक असलेली छोटी गावं शेकड्यांनी आहेत. एका गावाने स्वतःच्या पायाखालची भूमीच नव्याने रचली आणि सव्वाचारशे-पाचशे वर्षं ती रचना रोजच्या वापरात ठेवली, असं क्वचित आढळतं.

गाव लहान. लोकवस्ती ८ हजारांच्या आसपास. बोहेमियातून डॅन्यूबकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेजवळ, दलदलीतल्या त्यातल्या त्यात घट्ट जमिनीवर, १२ व्या शतकात इथे वस्ती झाली. जमीन वीतकोवेत्स घराण्याची. पाच पाकळ्यांचा गुलाब ही त्यांची खूण, आणि गावाचं जुनं जर्मन नाव वित्तिंगाऊ हेही त्यांच्यावरूनच पडलेलं. १३६६ मध्ये गाव त्याच कुळाच्या रोझम्बेर्क शाखेकडे आलं आणि पुढची अडीचशे वर्षं लाल गुलाबाच्या छत्राखाली राहिलं. चेक भूमीत राजानंतर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत मानाचं घराणं ते हेच. त्यांनी १३६७ मध्ये इथे ऑगस्टिनियन साधूंचा मठ स्थापला. गावची दारूभट्टी आपला जन्म १३७९ सालचा सांगते, आणि तिची रेगेंट बिअर आजही गावातच बनते.

वेशीतून आत शिरलं की चौक लागतो. चौक म्हटलं तरी तो चौकोनी नाही. लांबट आहे, रुंद रस्त्यासारखा. बाजार याच जागी भरत आला. दोन्ही बाजूंना घरं एकमेकांना खेटून, खाली कमानींची सलग ओसरी. पावसात बाजार करणाऱ्यांना आडोसा मिळावा, मालाच्या गाड्या बाहेर आणि गिऱ्हाईक आत राहावं, अशी ती सोय. वर प्रत्येक घराचा दर्शनी कळस वेगळा: कुठे पायऱ्यापायऱ्यांचा, कुठे गोलाकार, कुठे किल्ल्याच्या तटासारखे दाते काढलेला. पांढऱ्या घोड्याचं घर म्हणून ओळखलं जाणारं घर १५४४ चं. त्याच्या दर्शनी भागावर नजर टाकली की वाटतं, सुताराने आणि गवंड्याने मालकाला बाजूला बसवून मनासारखं काम केलं असावं. मध्ये १५६९ चं दगडी कारंजं, जवळ मरियमचा स्तंभ, आणि समोर जुन्या नगरभवनाचा मनोरा. गावच्या वेशी अजून उभ्या आहेत. त्यांच्याखालून आजही सायकली, हातगाड्या आणि शाळेची मुलं ये-जा करतात.

चौकापासून थोड्याच पावलांवर संत यिल्यीचं चर्च. बाहेरून साधं. आत मात्र दोन दालनं शेजारी शेजारी, मधोमध सडपातळ खांबांची एकच रांग, आणि खांबांच्या टोकांवरून फुटलेल्या दगडी फासळ्या छतभर पसरलेल्या. मुख्य वेदीकडे थेट पाहायला जावं तर वाटेत खांब येतो. सुरुवातीला हे खटकतं, पण थोडं थांबलं की त्या मांडणीतली शांती अंगावर येते. याच चर्चसाठी १३८० च्या सुमारास एका चित्रकाराने वेदीची चित्रं रंगवली. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून कलेचा इतिहास त्याला गावाच्या नावाने ओळखतो: त्र्शेबोनच्या वेदीचा उस्ताद. तीन फळ्या उरल्या आहेत, दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या. एकीवर खडकांमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणारा ख्रिस्त आणि बाजूला झोपी गेलेले शिष्य, दुसरीवर त्याला थडग्यात ठेवतानाचा क्षण, तिसरीवर पुनरुत्थान. त्या तिसऱ्या चित्रातलं आकाश लाल आहे आणि त्यावर सोनेरी तारे आहेत. हातात कुदळ घेऊन भूमी फोडणाऱ्या, दलदल उपसणाऱ्या माणसांच्या मुलखात हा रंग कुणाला सुचला, असा प्रश्न मनात राहतो. मूळ फळ्या आता प्रागमध्ये, संत आग्नेसच्या मठात, राष्ट्रीय संग्रहात आहेत. त्र्शेबोनला येण्याआधी त्या पाहून याव्यात असं मी सांगेन; मग चर्चमधली रिकामी जागा बोलू लागते.

इथवर कुठल्याही प्रवासपुस्तकात सापडेल. त्र्शेबोनचं खरं काम गावकुसाबाहेर सुरू होतं.

मुळात तळी बांधायची कल्पना आली कुठून? उत्तर धर्मात आणि मातीत मिळून आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती पंचांगात उपवासाचे दिवस वर्षाला शंभराहून अधिक असत: दर शुक्रवार, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, शिवाय इतर. त्या दिवशी मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो. बोहेमियाला समुद्र नाही. खारवलेला मासा दुरून आणावा तर महाग. आणि इकडे त्र्शेबोनची माती अशी, की गहू पेरून फारसं हाती लागत नाही. वर्षातले कितीतरी महिने शेतात घोटाभर पाणी. जमीन धान्य देत नाही तर मासा देईल, हा हिशेब सरदारांच्या कारभाऱ्यांनी मांडला आणि तो बरोबर निघाला. लाकडी पिंपांतून जिवंत मासे दूरच्या शहरांत जाऊ लागले.

हा मासा म्हणजे कार्प. आपल्याकडे तळ्यांत मत्स्यबीज सोडताना ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच. उथळ, कोमट, गढूळ पाण्यात तो सुखाने वाढतो आणि पिंपातल्या थोड्याशा पाण्यात दिवसेंदिवस तग धरतो. या मुलखासाठी याहून योग्य प्राणी नव्हता.

पण तळं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. त्यात पाणी आणायचं कसं, हवं तेव्हा सोडायचं कसं, पुराच्या वेळी वाचवायचं कसं, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय तळ्याचा उपयोग नाही. ते सोडवणारा पहिला मोठा माणूस श्त्येपानेक नेतोलित्स्की. नेतोलित्से गावचा, रोझम्बेर्कांच्या पदरी तळ्यांचा कारभारी. १६ व्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याने झ्लाता स्तोका, म्हणजे सोन्याचा कालवा, खणून काढला. लांबी सुमारे ४८ किलोमीटर. त्र्शेबोनच्या दक्षिणेला लुझनित्से नदीतून बंधाऱ्यावर पाणी उचलायचं, उतार सांभाळत सांभाळत तळ्यांच्या रांगेजवळून न्यायचं, गावाला वळसा घालून पुढे काढायचं आणि वेसेली गावाजवळ पुन्हा नदीला परत द्यायचं. वाटेत ज्या तळ्याला हवं त्याला मोरी उघडून पाणी मिळतं. गावच्या चक्क्या याच पाण्यावर फिरत, भट्टीला पाणी इथूनच.

मोठा अभिमान वाटावा तो कालव्याच्या उताराचा. जमीन जवळजवळ सपाट. उतार थोडा जास्त धरला तर पाणी लवकर खाली जातं आणि पुढची तळी कोरडी राहतात. थोडा कमी धरला तर पाणी साचतं आणि कालवा गाळाने भरतो. हाताशी साधी पातळी मोजायची उपकरणं, दोरी आणि खुंट्या. तरीही कालवा आज पाचशे वर्षांनी त्याच मार्गाने, त्याच कामाला वाहतो आहे. गावाच्या कडेला तो भेटतो तेव्हा रुंदी एखाद्या ओढ्याएवढीच असते, पाणी चहाच्या रंगाचं, पीटमुळे. काठावर बायका कुत्री फिरवतात. सांगितलं नाही तर कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणारही नाही.

नेतोलित्स्कीच्या पुढची पिढी वेगळ्या स्वभावाची होती. याकुब क्रचीन, जन्म १५३५, १५६९ पासून रोझम्बेर्कांच्या सगळ्या जहागिरीचा मुख्य कारभारी. महत्त्वाकांक्षी, कडक, हिशेबात चोख, आणि रयतेकडून काम काढून घेताना दयामाया न दाखवणारा. त्याने गावाला अगदी चिकटून स्व्येत नावाचं तळं बांधायला घेतलं, १५७१ ते १५७३ या काळात. त्यासाठी गावाचं एक उपनगर पाडावं लागलं. लोकांनी विरोध केला. बांध फुटला तर घरं बुडतील ही भीती खरी होती, आणि जहागीरदाराच्या वाड्यासमोर पाण्याची भिंत कुणालाच नको असते, पण ऐकलं कुणी नाही. आज स्व्येत सुमारे २०० हेक्टरांचं आहे. दारूभट्टीच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की थेट त्याच्या बांधावर पाऊल पडतं. उन्हाळ्यात तिथे होड्या असतात, पोहणारे असतात, हिवाळ्यात बर्फावर घसरणारे असतात. ज्यांची घरं गेली त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. तळ्याकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर क्रचीनने जे केलं ते अजून मोठं. गावाच्या उत्तरेला खुद्द लुझनित्से नदीवर आडवा बांध घालायचा. १५८४ ते १५९० या सहा वर्षांत ते काम झालं. बांधाची लांबी २,४३० मीटर, उंची सुमारे ११ मीटर. सगळा मातीचा भराव. फावडी, हातगाडे, बैल, घोडे आणि माणसं. मागे जे तळं साठलं त्याला धन्याच्या घराण्याचं नाव दिलं, रोझम्बेर्क. ते आजही देशातलं सर्वांत मोठं मत्स्यतळं आहे, पसारा ४८९ हेक्टरांचा. सुरुवातीला तर याहून बरंच मोठं होतं.

नदीवरच तळं बांधलं की नदीचा पूर तळ्यात येणार आणि मातीचा बांध पुरापुढे टिकणार नाही, हे क्रचीनला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बांधाच्या जोडीने त्याने नदीच फोडली. तळ्याच्या वरच्या अंगाला लुझनित्सेमधून सुमारे १३-१४ किलोमीटरचा एक नवा प्रवाह खणून तो पूर्वेकडच्या नेझार्का नदीला नेऊन मिळवला. त्याला लोक आजही नवी नदी म्हणतात. पूर आला की जास्तीचं पाणी तिकडे वळतं, तळ्यात येतं ते झेपेल एवढंच. जुना नैसर्गिक प्रवाह जुनी नदी म्हणून शेजारीच वाहतो, वळणं घेत, पडलेल्या झाडांवरून. तिथे आता राखीव निसर्गक्षेत्र आहे. एकाच नदीचे हे दोन भाऊ शेजारी शेजारी पाहायचे असतील तर सायकल घ्यावी. इथल्या वाटा सपाट असल्यामुळे कुणालाही जमतं.

बांधांवर ओकची झाडं लावली. मुळांनी भराव धरून ठेवावा म्हणून. कित्येक झाडं काही शतकांची झाली आहेत, दोघातिघांच्या कवेत न मावणारी, पोकळ, वीज पडून फाटलेली आणि तरी दर वसंतात पालवी फुटणारी. त्यांच्या खोडात दुर्मीळ मोठा भुंगेरा राहतो, म्हणून वठलेली खोडंही तोडत नाहीत. क्रचीनबद्दल लोकांच्या मनात जी अढी होती ती गोष्टींतून उरली: त्याने सैतानाशी करार केला होता, एवढं काम माणसाकडून होणं शक्यच नव्हतं, आणि अजूनही वादळी रात्री तो बांधावरून गाडी हाकत जातो. ज्यांच्या पाठीवर ती माती वाहिली गेली त्यांनी रचलेली ही गोष्ट आहे. तिच्यात राग आहे आणि थक्क होणंही आहे.

रोझम्बेर्क तळ्यावर हजारो हात राबत होते, त्याच वर्षांत गावातल्या वाड्यात वेगळाच उद्योग चालू होता. जहागीरदार विलेम रोझम्बेर्कला किमयेचा, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याचा, नाद होता. इंग्लंडच्या राणीचा गणिती आणि ज्योतिषी जॉन डी व त्याचा सहकारी एडवर्ड केली हे १५८६ मध्ये त्याच्या आश्रयाला आले. डी १५८९ पर्यंत त्र्शेबोनात राहिला. स्फटिकात पाहून देवदूतांशी बोलणं, भट्ट्या, गंधक, पारा. त्याची रोजनिशी त्या काळाची चांगली साक्ष देते. वाडा पाहायला येणाऱ्यांत डीच्या नावाने येणारे पुष्कळ असतात. मला त्या काळातल्या हिशेबवह्या जास्त मोलाच्या वाटतात. कुठल्या तळ्यात किती मासे सोडले, किती निघाले, कुणाला विकले, मोऱ्यांच्या दुरुस्तीला किती लाकूड लागलं, हे सगळं लिहिलं गेलं आणि जपलं गेलं. वाड्यात आज प्रादेशिक शासकीय अभिलेखागार आहे, आणि दक्षिण बोहेमियाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कुणालाही त्याचा उंबरा ओलांडावाच लागतो.

ते कागद इथे आले त्यामागे एका घराण्याची अखेर आहे. विलेमचा धाकटा भाऊ पेत्र वोक हा शेवटचा रोझम्बेर्क. मूल नाही, डोक्यावर कर्ज. १६०१ मध्ये त्याने चेस्की क्रुमलोवचा वडिलोपार्जित किल्ला सम्राट रुडॉल्फ दुसरा याला विकला आणि पुढच्या वर्षी त्र्शेबोनला मुक्काम हलवला. सोबत ग्रंथसंग्रह आणला, सुमारे ११ हजार ग्रंथांचा. त्या काळी मध्य युरोपातल्या मोठ्या खासगी संग्रहांत त्याची गणना होई. वात्स्लाव ब्र्झेझान या त्याच्या अभिलेखपालाने तो लावला, त्याची सूची केली आणि रोझम्बेर्कांचा इतिहास लिहिला. १६११ मध्ये पासाउहून आलेल्या भाडोत्री सैन्याने बोहेमियात धुमाकूळ घातला, तेव्हा त्यांना पगार चुकता करून घालवून देण्यासाठी वृद्ध पेत्र वोकने घरची चांदी वितळवली. त्याच वर्षी तो वारला. ग्रंथ पुढे प्रागला नेले गेले आणि १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने तिथून लुटून नेले. त्यांची वाताहत झाली. एवढा संग्रह गावातून गेला याचं दुःख वाचताना आजही होतं.

तीस वर्षांच्या युद्धाने मुलूख ओसाड केला. १६६० मध्ये जहागीर श्वार्झेनबेर्क घराण्याकडे आली आणि विसाव्या शतकापर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्यांचं गावावरचं सर्वांत ठळक बांधकाम म्हणजे स्व्येत तळ्याच्या पलीकडच्या उपवनात उभी असलेली घराण्याची समाधी. व्हिएन्नाचं नगरभवन उभारणाऱ्या फ्रीडरिख श्मिटने तिचा आराखडा केला. १८७७ मध्ये ती पूर्ण झाली. वर चॅपेल, खाली शवपेट्यांचं तळघर. १९४० मध्ये गेस्टापोने घराण्याची मालमत्ता बळकावली आणि युद्धानंतर १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने खास कायदा करून ती सरकारजमा केली.

श्वार्झेनबेर्कांच्या काळात एक धोका येऊन गेला, आणि तो टळला म्हणून आज आपण ही तळी पाहतो. १८ व्या आणि १९ व्या शतकात बोहेमियाच्या इतर भागांत तळी धडाधड कोरडी केली गेली. उपवासाचे नियम सैल झाले होते, गव्हाला आणि पुढे साखरेच्या बीटला भाव होता. एल्ब नदीच्या खोऱ्यातली मोठमोठी तळी नांगराखाली गेली. त्र्शेबोनची वाचली ती इथली माती निकस म्हणून. तळं आटवून खाली जे मिळालं असतं त्यात बीट पिकलं नसतं. भूमीची गरिबी कामी आली.

नुसतं टिकणं पुरेसं नव्हतं. मासा लहान राहत होता, वाढायला पाच-सहा वर्षं घेत होता. तेव्हा जहागिरीच्या सेवेत योसेफ शुस्ता नावाचा माणूस आला (१८३५ ते १९१४). कार्प नेमकं काय खातो, हा साधा प्रश्न त्याने विचारला. चिखल आणि वनस्पती खातो असा समज होता. शुस्ताने माशांची आतडी उघडून तपासली आणि दाखवून दिलं की त्याचं खरं अन्न म्हणजे पाण्यातले बारीक प्राणी आणि तळच्या गाळातल्या अळ्या. म्हणजे मासा वाढवायचा तर आधी ते जीव वाढवायला हवेत. त्यासाठी तळ्याला खत हवं, चुना हवा, अधूनमधून तळ कोरडा पाडून उन्हात तापवायला हवा. १८८४ साली प्रसिद्ध झालेलं त्याचं पुस्तक मत्स्यपालनाच्या अभ्यासात मोलाचं मानलं जातं. निवडक जोड्या लावून त्याने लवकर वाढणारी जात घडवली. उंच पाठीचा, मांसल त्र्शेबोनचा कार्प ती हीच. २००७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन तिला आहे.

आता तळ्याच्या वर्षाकडे वळू. वसंतात मत्स्यबीज उथळ, लहान तळ्यांत जातं. पहिल्या हिवाळ्यापर्यंत त्याची बोटुकली होते. दुसऱ्या वर्षी त्यांना मधल्या आकाराच्या तळ्यांत हलवतात. शेवटी मोठ्या तळ्यात. दोन-तीन किलोचा मासा व्हायला तीन ते चार उन्हाळे लागतात. त्यामुळे गावाभोवतीची सगळी तळी एकमेकांशी बांधलेली आहेत. एकात चूक झाली तर तीन वर्षांनी दुसऱ्यात दिसते.

आणि मग शरद येतो. ऑक्टोबरमध्ये रोझम्बेर्क उपसतात. उपसतात म्हणजे मोरी उघडून पाणी हळूहळू खाली सोडतात; एवढं पाणी जायला कित्येक दिवस लागतात. घाई केली तर खालच्या गावांत पाणी शिरेल आणि मासे चिखलात अडकतील. पाणी ओसरत जातं तसा मासा बांधाजवळच्या सर्वांत खोल भागात गोळा होतो. पहाटे बांधावर पोहोचावं. धुकं असतं, थंडी असते, आणि पाहायला आलेल्या लोकांची गर्दी असते. गरम सूप, तळलेला मासा आणि बिअर यांचे ठेले लागलेले असतात. खाली रबरी पोशाखातले मासेमार छातीभर पाण्यात उतरलेले. होड्यांतून ओढजाळं पसरतात, दोन्ही टोकं काठाकडे आणतात, घेर आवळत जातात. मग पाणी उसळायला लागतं. हजारो पाठी एकदम वर येतात आणि तो आवाज बांधावर स्पष्ट ऐकू येतो. मोठ्या झोळ्यांनी मासे उचलून टेबलांवर टाकतात, तिथे हातांनी निवड होते: कार्प एकीकडे, पाईक, झॅंडर, वेल्स, टेंच वेगळे. लहान राहिलेले परत. निवडणाऱ्यांचे हात इतके वेगाने चालतात की डोळा मागे पडतो. एका तळ्याला दोन-तीन दिवस लागतात.

मासे लगेच बाजारात जात नाहीत. आधी त्यांना वाहत्या स्वच्छ पाण्याच्या हौदांत काही आठवडे ठेवतात. तिथे ते काही खात नाहीत, आणि अंगात मुरलेला चिखलाचा वास निघून जातो. हे पाणी बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या कालव्यांचं असतं. चेक प्रजासत्ताकात वर्षाला सुमारे २० हजार टन तळ्यातला मासा निघतो, त्यातला बहुतांश कार्प; मोठा वाटा जिवंतच परदेशात, मुख्यतः जर्मनीत, जातो. देशात राहतो त्याचं नशीब डिसेंबरशी बांधलेलं आहे. ख्रिसमसच्या आधी चार-पाच दिवस गावोगावच्या चौकांत मोठाल्या टाक्या मांडल्या जातात आणि लोक रांगा लावून जिवंत मासा निवडतात. २४ तारखेच्या संध्याकाळी तो पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात, सोबत बटाट्याची कोशिंबीर, आधी डोकं आणि गाबोळी घातलेलं सूप. ताटाखाली खवला ठेवतात. नंतर तो पाकिटात जातो, वर्षभर पैसा टिकावा म्हणून. कितीतरी घरांत मासा आदल्या दिवसांत न्हाणीघरातल्या टबमध्ये ठेवला जातो, मुलं त्याला नाव देतात, आणि मग मारायची वेळ आली की रडतात. अशा घरांतला कार्प शेवटी नदीत सोडला जातो. थंड, वाहत्या पाण्यात तो क्वचितच जगतो, हे आता प्राणिप्रेमी संस्थाही सांगतात.

माशाखेरीज या दलदलीने गावाला दुसरंही काही दिलं. १८८३ मध्ये वात्स्लाव हुत्सेक या शिक्षकाने इथल्या पीटचे गरम लेप आणि स्नान सांधेदुखीवर उपाय म्हणून सुरू केलं. ती स्नानगृहं आजही आहेत, आणि १९७५ मध्ये स्व्येतच्या काठावर दुसरं मोठं उपचारकेंद्र उभं राहिलं. गावातल्या बाकांवर दुपारी बसलेले बरेच चेहरे हे गुडघ्यांसाठी आलेल्या पाहुण्यांचे असतात. जवळच्या ओपातोवित्से चक्कीच्या आवारात १९६० पासून शैवालांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. उतरत्या पत्र्यांवरून पातळ थरात पाणी वाहवत हिरवं शैवाल वाढवायची पद्धत तिथे विकसित झाली. जुन्या पाणचक्कीच्या जागी असं काम चालावं याचं मला फार समाधान वाटतं.

१९७७ मध्ये युनेस्कोने त्र्शेबोनचा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला, १९७९ पासून तो ७०० चौरस किलोमीटरचा संरक्षित भूप्रदेश आहे. युरोपातल्या अशा क्षेत्रांत हा अपवादच म्हणावा, कारण इथे जे जपायचं ते माणसाच्या हातचं आहे. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड या भागातून नाहीसा झाला होता, तो १९८० च्या दशकात परत घरटी करू लागला. पाणमांजर टिकून आहे. ते तळ्यातले मासे खातं आणि त्याची नुकसानभरपाई सरकार तळेवाल्यांना देतं. तळं सोडून दिलं तर काय होईल? मोरी सडेल, बांधाला भगदाड पडेल, गाळ चढेल, वेतगवत मध्यापर्यंत येईल, आणि गरुडालाही मासा मिळणार नाही. इथे निसर्ग राखायचा म्हणजे गवंडी, सुतार आणि मासेमार कामावर ठेवायचे.

या सगळ्या रचनेची परीक्षा ऑगस्ट २००२ मध्ये झाली. बोहेमियावर आठवडाभरात दोनदा मुसळधार पाऊस कोसळला. प्रागमध्ये भुयारी रेल्वे बुडाली. लुझनित्सेला असा पूर कुणी पाहिला नव्हता. नवी नदी काठोकाठ भरली, आणि उरलेलं सगळं पाणी रोझम्बेर्कवर आलं. एरवी सुमारे ६० लाख घनमीटर पाणी धरणाऱ्या तळ्याने तेव्हा सुमारे ७ कोटी घनमीटर पाणी अडवून धरलं. पाणी मागे जंगलांत, कुरणांत पसरत गेलं, २ हजार हेक्टरांवर. बांधावर दिवसरात्र पहारा होता. तो फुटला असता तर खालची गावं, पुढे व्ल्तावा नदीचं खोरं, आधीच बुडत असलेलं प्राग, यांच्यावर काय आलं असतं याची कल्पना करवत नाही. बांध फुटला नाही. चारशे वर्षांपूर्वी पाठीवरून वाहिलेल्या मातीने ते पाणी पेललं.

आजची अडचण त्याहून संथ आहे. दीडशे वर्षं खत आणि खाद्य घालून तळ्यांच्या गाळात फॉस्फरस साठला आहे. भोवतालच्या शेतांतून आणि गावांच्या सांडपाण्यातून तो अजून येतो. उन्हाळा तापला की पाणी हिरवं गर्द होतं, निळ्याहिरव्या जिवाणूंचा थर येतो, रात्री प्राणवायू घटतो. मासे दाट सोडले तर ते पाण्यातले बारीक प्राणी फस्त करतात, मग शैवालाला खाणारं कुणी उरत नाही. बदकांच्या पिलांनाही अन्न मिळत नाही. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणतात, मासे कमी सोडा. तळेवाले म्हणतात, मासे कमी सोडले तर बांधांची डागडुजी कुठल्या पैशातून करायची? दोघांचंही खरं आहे. मला वाटतं, शुस्ताने विचारला होता तसा नेमका प्रश्न आता गाळाबद्दल विचारला जायला हवा: तो किती काढायचा, कुठे टाकायचा, आणि त्याचा खर्च ज्या शहरांना हा मुलूख पुरापासून वाचवतो त्यांनी किती उचलायचा. काही तळ्यांतून गाळ काढण्याची, काहींत मासे मुद्दाम विरळ ठेवण्याची कामं सुरू आहेत. दर वसंतात मोठ्या तळ्यांत किती बोटुकली सोडायची आणि किती खाद्य घालायचं हे ठरवताना मत्स्यव्यवसायाला आता पाणीखात्याची आणि संरक्षित क्षेत्राच्या कार्यालयाची बाजूही ऐकावी लागते. ती बोलणी मार्चच्या आत व्हावी लागतात, कारण त्यानंतर मोऱ्या बंद झालेल्या असतात आणि तळी भरत आलेली असतात.